साठीनंतर मातीत हात घालायचा असेल तर

साठीनंतर हाताने काही नवं शिकायचं मनात असेल, तर आधी दुकानात जाऊन रंग, ब्रश आणि जाड कागदाच्या वह्या आणू नका. महागाचं सामान घरात आलं की ते वाया जाईल ही भीतीही येते, आणि मग हात मोकळा चालत नाही. त्यापेक्षा आसपास कोण काय घडवतंय ते बघा. कोकणात त्यासाठी लांब जावं लागत नाही. कुठे काथ्या वळतात, कुठे बांबूच्या रोवळ्या आणि सुपं विणतात, सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवतात, आणि पावसाळा लागला की वाडीवाडीत गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, सुरू होते. मी मालवण तालुक्यातली. पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केली, साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या शाळेत जाऊन बसले. म्हणून उदाहरणं मातीचीच देणार आहे. तुम्हाला पखवाज शिकायचा असो की विणकाम, पद्धत हीच लागू पडते.

तहानभूक विसरून काम करणं म्हणजे काय, हे आपण लहानपणी अनुभवलेलं असतं. मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) या हंगेरियन वंशाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत आयुष्यभर याच अवस्थेचा अभ्यास केला. बुद्धिबळ खेळणारे, कडे चढणारे, नाचणारे, शस्त्रक्रिया करणारे अशा कितीतरी लोकांशी बोलून त्याने ही अवस्था कशी येते ते मांडलं. पुढे नेमकं काय करायचं ते स्पष्ट हवं, केलेलं जमलं की बिघडलं ते तिथल्या तिथे कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या थोडंसंच वर हवं. यात वयाची अट कुठेच नाही. वय आडवं येतं ते तिसऱ्या गोष्टीत. आयुष्यभर एका कामात तरबेज राहिलेल्या माणसाला नव्या कामात अगदी तळापासून सुरुवात करणं जड जातं. मग तो एकदम अवघड वस्तूला हात घालतो आणि आठवड्यात सोडून देतो. आमच्या वयाच्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, असं माझं ठाम मत आहे. बुद्धी कमी पडते किंवा हात थरथरतो हे कारण फार नंतरचं.

तर पहिलं काम म्हणजे शाळेत जाऊन नुसतं बसणं. घरच्या गणपतीचा पाट शाळेत द्यायचाच असतो, तो स्वतः घेऊन जा आणि तासभर थांबा. दुसऱ्या दिवशी परत जा. ‘मला मूर्ती शिकवा’ असं लगेच म्हणू नका. श्रावणाच्या तोंडावर मूर्तिकाराला मान वर करायला सवड नसते. ‘माती मळून देऊ का?’ असं विचारा. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि मळणं हाच पहिला धडा असतो.

शाडूची माती गुजरातेतून पोत्यांतून येते. ती भिजवून, खडे काढून मळायची. मनगटाच्या वरचा तळव्याचा भाग मातीत रुतवायचा, पुढे रेटायचं, घडी घालायची, पुन्हा रेटायचं. सुरुवातीला माती बोटांना चिकटते आणि नखांत जाते. हळूहळू ती हात सोडायला लागते आणि दाबलं की गार, तुकतुकीत दिसते. झाली की नाही ते बघायला करंगळीएवढी वळी करा आणि बोटाभोवती वाकवा. बाहेरच्या बाजूला चिरा पडल्या तर अजून मळायला हवी, कदाचित थोडं पाणीही लागेल. वळी तुटली नाही, चीरही पडली नाही की माती तयार. हे कुणाला विचारावं लागत नाही, मातीच दाखवून देते. केलेलं तिथल्या तिथे कळलं पाहिजे म्हणतात ते हेच. छंद निवडताना ही कसोटी लावा: काम करता करता कामच तुम्हाला उत्तर देतंय का? ज्यात बरंवाईट ठरवायला कायम दुसरा माणूस लागतो, त्यात सुरुवातीला मन लागणं कठीण.

दुसरी पायरी वस्तू निवडायची. मूर्ती नको. नागपंचमीला आपल्याकडे मातीचा नाग पुजतात, तो करा. एक लांब वळी, वेटोळं, वर उचललेली मान आणि फडी. बस्स. फडी अंगठ्याने दाबून पसरवताना मध्ये जाड, कडेला पातळ ठेवायची. कड फार पातळ झाली तर सुकताना उलते, जाड राहिली तर फडी न दिसता ढेकूळ दिसतं. नाग जमला की उंदीर. मग हातातला मोदक, मग पाऊल, मग बोटं असलेला हात, मग सोंड. बैठक आणि पोट त्यानंतर, कारण तिथे तोल सांभाळावा लागतो. डोळ्यांच्या आखणीकडे पहिली काही वर्षं फक्त बघायचं. मुरलेले मूर्तिकारसुद्धा आखणीला बसले की कुणाशी बोलत नाहीत.

पायरी कधी चढायची, हा प्रश्न मला फार जणी विचारतात. खूण सोपी आहे. हात माती घडवतोय आणि मन मात्र रात्रीच्या आमटीत किंवा सुनेच्या बोलण्यात फिरतंय, म्हणजे काम सोपं झालं. पुढचं उचला. उलट खांदे आखडलेत, दात आवळले गेलेत, समोरच्या वस्तूचा राग येतोय, म्हणजे काम झेपण्यापलीकडचं आहे. लाज न बाळगता एक पायरी खाली या. सोंड जमत नसेल तर दोन दिवस मोदक करा. या दोन्हींच्या मधल्या जागेत घड्याळाकडे लक्ष जात नाही. ती जागा रोज थोडी सरकते, म्हणून रोज नव्याने अंदाज घ्यावा लागतो.

आता वयाच्या दोन गोष्टी. शिकवणारा बहुधा आपल्या मुलाच्या वयाचा असतो. आमच्या शाळेतला मुलगा मला काकी म्हणतो आणि मान देतो. या मानाची एक अडचण आहे. माझं काही वाकडं झालं की तो प्रेमाने पुढे येऊन स्वतःच नीट करून द्यायचा. वस्तू चांगली व्हायची, पण माझ्या बोटांना काहीच कळायचं नाही. शेवटी मी त्याला म्हटलं, “तू हात लावू नको, खंय चुकला ता सांग.” तेव्हापासून तो दोन हात लांब उभा राहून सांगतो, “काकी, उजवो खांदो वायच खाली गेलो.” तुम्हीही हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून टाका. तरुणांना वाईट वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

दुसरी गोष्ट, आपण कोरे येत नाही. रवींद्रनाथ टागोरांचा जन्म १८६१ चा, आणि चित्रांकडे ते गंभीरपणे वळले साठी ओलांडल्यावर. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांतून आकार निघायला लागले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. खाडाखोड ते आयुष्यभर करतच होते. तुमच्या हाताला आधीपासून काय येतं ते आठवून बघा. पोस्टात थैल्यांना लाखेची सील लावावी लागायची. लाख किती ऊन असताना, किती जोराने आणि किती वेळ शिक्का दाबायचा हे माझ्या हाताला पाठ होतं. नागाच्या फडीवर अंगठा ठेवला तेव्हा तोच अंदाज कामी आला. भाकऱ्या थापणारीला, जाळं विणणाऱ्याला, कलमं बांधणाऱ्याला असंच काहीतरी येत असतं. तिथूनच सुरुवात करा.

वेळ ठरलेली हवी. मी सकाळची पेज झाली की पडवीत बसते, ते दुपारच्या जेवणापर्यंत. पडवी अशासाठी की पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिवसाचा उजेड बरा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. जमिनीवर बसू नका, शाळेतली तरुण मुलं बसतात म्हणून तर मुळीच नाही. टेबलावर पाट ठेवा आणि मूर्ती छातीच्या उंचीला आणा. मूर्तीभोवती वाकण्यापेक्षा पाट फिरवा. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर माती नेहमीपेक्षा मऊ ठेवा आणि सुरू करण्याआधी हात कोमट पाण्यात बुडवा.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. भान हरपणं विशीत निर्धोक असतं, साठीत नसतं. मधुमेह असेल, दाबाच्या गोळ्या चालू असतील, तर मोबाईलला गजर लावा आणि तो वाजला की उठाच. पाण्याचा तांब्या नजरेसमोर ठेवा. घरातल्या कुणाला तरी ‘अमुक वाजता हाक मार’ असं सांगून ठेवा. मध्ये उठल्याने तंद्री मोडते ही भीती खरी, पण ओल्या फडक्याने काम झाकून उठलं तर परत बसल्यावर ती पुन्हा लागते.

व्हिडिओ बघून शिकता येतं का? बघा, पण बघण्यालाच शिकणं समजू नका. जर्मनीत निवृत्त लोकांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसं थोडीच होती, २८. अर्ध्यांनी दहा आठवडे स्वतः चित्रं काढली, अर्ध्यांनी तेवढेच आठवडे संग्रहालयात चित्रांवर चर्चा केली. मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधली जोडणी वाढलेली दिसली ती स्वतः काढणाऱ्यांमध्ये. अभ्यास लहान आहे, पण शाळेत बसणाऱ्या कुणालाही तो पटेल.

बघायचंच असेल तर प्रत्यक्ष बघा. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं (१८९१–१९६७) घर आहे, तिथे त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. घरात गणपती करायची परंपरा होती, माती लहानपणापासून हाताला होती. तिथली साधी माणसं आणि जनावरं सगळ्या बाजूंनी फिरून बघा. मान खांद्याला कुठे मिळते, बसलेल्या माणसाचं वजन कुठे पडतं, हे फोटोत कळत नाही.

केलेली वस्तू घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच टाकू नका. टाळ्यांच्या चित्रांनी आनंद होतो, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी हात मातीपेक्षा त्या टाळ्यांसाठी चालायला लागतो. निदान पहिला पावसाळा ती शाळेतल्या माणसांनाच दाखवा.

आणि चतुर्थी झाली, शाळा बंद झाली म्हणून थांबू नका. उरलेली माती मागून घ्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. सुकली तरी बिघडत नाही: कुटायची, भिजवायची, पुन्हा मळायची. न भाजलेली माती कितीही वेळा वापरता येते, म्हणून न जमलेला हात, न जमलेली सोंड त्याच बादलीत टाका. पावसाळ्यात वस्तू सुकायला वेळ लागतो, तो दिवाळीनंतर कमी होतो. पण उन्हात ठेवू नका, चिरा पडतात. घरात सावलीत ठेवून रोज बाजू फिरवा. चीर गेलीच तर त्याच मातीचा पातळ लगदा ओल्या ब्रशने भरा आणि रात्रभर तिला हात लावू नका.