देवाची इच्छा शोधताना या चुका टाळा

दुबईची नोकरी घ्यायची का, आलेल्या स्थळाला होकार द्यायचा का, अशा वेळी ख्रिस्ती घरात 'प्रभूची इच्छा काय?' हा प्रश्न येतोच. प्रश्न बरोबर आहे. पण विचारणाऱ्याला पुष्कळदा इच्छा नको असते, भविष्य हवं असतं: गेलो तर सगळं सुरळीत होईल ना? तशी हमी पवित्र शास्त्र कुणालाच देत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका ती हमी मिळवण्याच्या धडपडीतून होतात.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, हा कौल लावण्याचाच प्रकार. फुलाच्या जागी बायबलचं पान, एवढाच फरक. यिर्मया २९:११ मधले देवाचे 'हिताचे संकल्प' असेच संदर्भ सोडून उचलले जातात. ते वचन बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे आणि त्याआधी घरं बांधा, बागा लावा, आहात त्या नगराचं हित पाहा, असं सांगितलंय. व्हिसा महिन्याभरात येईल, असा अर्थ त्यातून निघत नाही. वचन मनाला भिडलं तर अख्खा अध्याय वाचा: कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं.

इस्राएलचा शास्ता गिदोन याने देवाकडे खूण मागायला रात्री लोकर पसरली होती: दव फक्त लोकरीवर पडावं. त्या लोकरीचंही तेच. 'शुक्रवारपर्यंत फोन आला तर देवाचा होकार' अशी अट घालणारे विसरतात की शास्ते ६ मध्ये गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर त्याने पसरली ती डळमळीत विश्वासामुळे, आणि दुसऱ्यांदा मागताना देवाने रागावू नये अशी विनवणीही केली.

'दार उघडलं म्हणजे प्रभूची इच्छा' हेही तपासून घ्या. देवापासून पळणाऱ्या योना संदेष्ट्याला तार्शीशचं तारू याफोच्या बंदरात आयतंच मिळालं. उलट त्रोवस शहरात प्रेषित पौलासाठी सुवार्तेचं दार उघडं असूनही तो तिथे थांबला नाही (२ करिंथ २:१२-१३).

सगळ्यांत फसवी खूण मनाच्या शांतीची. तोच योना वादळात तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशू मात्र व्याकूळ होता. मग दोघांपैकी देवाच्या इच्छेत कोण होता? मनाविरुद्धचा निर्णय टाळला की हायसं वाटतं, त्यालाही आपण शांतीच म्हणतो.

'प्रभूने मला सांगितलं' हे वाक्य सल्ला मागायच्या आधी उच्चारू नका. ते ऐकलं की पाळकसाहेबही गप्प बसतात. दुसऱ्याने तुमच्या लग्नाबद्दल असा संदेश आणला तर तो तुच्छ मानू नका, पण पारखा. १ थेस्सलनी ५:२०-२१ दोन्ही सांगतं. घाईने होकार मागणारा संदेश तर नक्कीच थांबवून ठेवा.

मग करायचं काय? आधी उघड आज्ञा पाहा. खोटा अनुभव दाखवून मिळणाऱ्या नोकरीसाठी उपास करायची गरजच नाही, उत्तर ठरलेलं आहे. मग जबाबदाऱ्या: आईवडिलांचं औषधपाणी कोण पाहणार, कर्जाचा हप्ता कोण भरणार (१ तीमथ्य ५:८). मग माहिती: करारात हातात पडणारा पगार किती, राहणं कुणाच्या खर्चाने, सुट्टी कोणत्या वारी आणि त्या दिवशी मंडळीत जाता येईल का. एजंट असेल तर त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. हे बघणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आता एका कागदावर चार रकाने आखा: गेल्याचे फायदे, गेल्याचे तोटे, राहिल्याचे फायदे, राहिल्याचे तोटे. ही रीत येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची. लोक दोनच रकाने करतात आणि राहण्याचे तोटे लिहायचेच राहतात. इग्नेशियस आणखी एक सुचवतात: अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याला काय सांगाल? कागद घेऊन तिघांकडे जा: त्या धंद्यातला जाणकार, तुमचे दोष ठाऊक असलेलं कुणी, आणि तुमचे पाळक किंवा फादर. तिघांना एकच माहिती द्या. सोयीचं उत्तर मिळेपर्यंत माणसं बदलत राहणं म्हणजे सल्ला नव्हे.

एवढं करूनही दोन्ही वाटा योग्य उरल्या तर? मग निवडा. १ करिंथ ७:३९ विधवेला इच्छेला येईल त्याच्याशी लग्नाची मोकळीक देतं; अट एकच, ते प्रभूमध्ये व्हावं.

निर्णयानंतर रात्री धडकी भरते आणि सकाळी राजीनामा मागे घ्यावासा वाटतो. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नये, हा इग्नेशियसांचा नियम इथे उपयोगी पडतो. नवी माहिती आली, करारातला आकडा बदलला, तर फेरविचार जरूर करा. नुसती भीती ही नवी माहिती नाही. आणि वाट्याला आलेला त्रासही नवी माहिती नाही: 'मासेदोनियात ये' असा दृष्टान्त पाहून निघालेल्या पौलाला तिथल्या फिलिप्पै शहरात फटके बसले, पाय खोड्यात अडकले, तरी त्याने तिथे येणं चूक ठरवलं नाही.