शुक्रवारची खला

मी इस्राएलमध्ये लोदला राहते. डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमाराला शब्बाथचे, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागतात आणि त्यानंतर ओव्हनला हात लावायचा नाही. म्हणून खलाचा, म्हणजे शब्बाथच्या वेणीच्या पावाचा, मैदा सकाळी आठलाच भिजवते.

१ किलो मैदा, दीड टेबलस्पून कोरडं यीस्ट, १०० ग्रॅम साखर, अर्धी वाटी तेल, २ अंडी, १ टेबलस्पून मीठ, साधारण ४५० मिली कोमट पाणी. यात दूध-लोणी नको. रात्रीच्या जेवणात मटण असतं, आणि मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही. अंडं आधी वाटीत फोडून बघा, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्या.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं, कानाच्या पाळीसारखं मऊ. दहा मिनिटं चांगलं तिंबा. चिकटतंय म्हणून मैदा घालत बसू नका, तेलाचा हात घ्या. जास्त मैदा पडला की खला शनिवारी कोरडी लागते. दीड तास झाकून ठेवा.

सणाला मी दोन किलोचं भिजवते, तेव्हा बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणते, लहानसा गोळा काढते आणि फॉइलमध्ये जाळते. ‘खला’ हे मुळात त्या काढलेल्या गोळ्याचं नाव. एक किलोला हे लागत नाही.

चार भाग करा, प्रत्येकाचे तीन पेड. पेड मध्ये जाड, टोकाला निमुळते. वेणी मुलीच्या केसांसारखी घट्ट ओढू नका. माझ्या पहिल्या खला अशाच कुशीला फाटल्या होत्या. पाऊण तास फुगू द्या, वरून अंडं आणि तीळ लावा, १८० अंशांवर अर्धा तास भाजा. तळाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाली.

दोन शुक्रवारी रात्री, दोन शनिवारी दुपारी. धर्मग्रंथातल्या गोष्टीत आमच्या पूर्वजांना वाळवंटात शुक्रवारी मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, दुप्पट मिळायचा, त्याची ही जोडी. किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरची प्रार्थना, होईपर्यंत त्यांच्यावर कापड हवं: आधी मान द्राक्षरसाला मिळतो, तो भाकरीला दिसू नये म्हणून. मग हात धुवायचे, हामोत्सी ही भाकरीवरची प्रार्थना म्हणायची, तुकडा मिठात बुडवून सगळ्यांना द्यायचा.

अलिबागकडे माझ्या आजीकडे ओव्हन नव्हता. ती कापडाखाली गव्हाच्या दोन जाड, अखंड चपात्या ठेवायची. तुमच्याकडेही ओव्हन नसेल तर तसंच करा. तांदळाची भाकरी मात्र इथे चालत नाही, हामोत्सीला गहू, जव अशा पाच धान्यांपैकीच एखादं लागतं.