उडत्या पाहुण्यांचे फोटो: आधी उभं राहायची जागा, मग कॅमेरा

थापट्या बदकाचा नर पाण्यावर बसलेला असतो तेव्हा त्याच्या पंखावरचा फिकट निळा पट्टा जवळजवळ झाकलेलाच असतो. तो उडाला की पट्टा उघडतो, त्याच्यामागं हिरवी झळाळी दिसते. सैबेरिया, मध्य आशियाकडून इथं कोल्हापूरपर्यंत आलेला पक्षी आणि त्याला घेऊन आलेले ते पंख एकाच फोटोत मिळावेत असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे लिहितोय.

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. पाहुणे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात, म्हणजे लग्नसराई आणि पक्षी एकदमच. त्यामुळं माझं पक्ष्यांचं काम सकाळी कार्यालयात पोचायच्या आधी उरकतं. नवीन पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, लेन्स कुठली घेऊ?" मी म्हणतो, उभा कुठं राहणार ते आधी सांग.

कारण पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडं तोंड करतो. समोरचा वारा पंखाखाली घेतला की त्याला कमी कष्टात उचल मिळते. म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर पक्षी तुमच्या दिशेनं उडेल, तुमच्याकडं तोंड करून उतरेल. वारा समोरून असेल तर सगळी सकाळ शेपट्यांचे फोटो मिळतील, मग लेन्स कितीही महाग असो. आपल्याकडं थंडीच्या सकाळी वारा बरेचदा पूर्वेकडचा असतो आणि सूर्यही तिकडंच. रंकाळा तळ्यावर चौपाटीच्या बाजूला पश्चिमेकडं तोंड करून उभं राहिलं की ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी मिळतात. संध्याकाळी सगळं कोल्हापूर तिथं सूर्यास्त बघायला जमतं, पण तेव्हा ऊन समोरून येतं. आकृती काळी पडते, पिसांचा रंग जातो. फेब्रुवारी उलटला की दुपारनंतर वारा पश्चिमेचा होऊ लागतो, म्हणून रोज तपासायचं. देवळावरचं निशाण बघा, गवत बघा. सगळ्यात सोपं म्हणजे पाण्यावर निवांत बसलेली बदकं बघा. त्यांची तोंडं ज्या बाजूला, वारा त्या बाजूचा.

चौपाटीचा कठडा उंच आहे, तिथून पक्षी खाली दिसतो आणि मागं नुसतं पाणी येतं. जिथं घाटाच्या पायऱ्या उतरता येतात तिथं खाली बसा. कळंब्याच्या तळ्यावर हे जास्त जमतं. पाणी ओसरत जातं तसा काठचा चिखल उघडा पडतो, तिथं तुताऱ्या, शेकाटे असे काठचे पक्षी चरत असतात. जुन्या गोणपाटावर मांडी घालून बसलं की लेन्स पक्ष्याच्या पातळीवर येते.

आता उड्डाण ओळखायचं कसं. लग्नात 'सावधान' ऐकून मग कॅमेरा उचलला तर अक्षता खाली पडलेल्या असतात. बोट आधीच बटणावर लागतं. इथंही तसंच. चरणारं बदक मान ताठ वर करतं, डोकं दोन-चारदा झटकतं, शेजारची बदकं तेच करू लागतात. मग ती उडणार हे धरून चाला. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही पाण्यावरून सरळ वर उसळतात, म्हणून फ्रेममध्ये त्यांच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवा. वारकरी म्हणजे चांदवा मात्र पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो आणि मग उठतो. शिकणाऱ्याला त्याच्याइतका चांगला पक्षी नाही, कॅमेरा लावायला भरपूर वेळ देतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून-खालून फेऱ्या मारतो. तो ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं बरेचदा परत येतो, त्याच्यामागं पळू नका.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. बदकांचे पंख भराभर हलतात, त्यांना शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. बगळा, भोवत्या असे संथ उडणारे १/१२५० ला मिळतात. भिंगरीला १/३२०० सुद्धा कमी पडतो. अ‍ॅपर्चर ६.३ च्या आसपास. ऊन स्थिर असेल तर मॅन्युअल मोडच लावा. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं, पण त्याच्यामागं आधी काळपट झाडी येते, मग उजळ आकाश. ऑटो त्या मागच्या उजेडाला भुलतं आणि एकाच फेरीतले फोटो कधी पांढरे, कधी काळे येतात. ऊन वर आल्यावर आयएसओ ८०० धरून एक फोटो काढा, पंखातला पांढरा भाग जळत नाही ना ते बघा, आणि मग हात लावू नका. पांढऱ्या बगळ्याला मात्र एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा.

फोकस सतत चालणाऱ्या मोडवर ठेवा. निकॉन-सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्व्हो. पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय कॅमेऱ्यात असेल तर वापरा. नसेल तर मधल्या पॉइंटभोवतीचा छोटा गट निवडा. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर बंद करा, म्हणजे चुकलेला फोकस पायापाशी जाऊन परत येण्यात वेळ जात नाही. कोपरं छातीशी, पाय पक्षी जिथं येणार त्या दिशेला, आणि वळायचं ते कमरेतून. पक्षी लांब असतानाच पकडा, झूम थोडा कमी ठेवा, पंखाची टोकं कापली जात नाहीत. नजर बसायला रंकाळ्यावरच्या घारी आणि बगळे बारा महिने आहेत. पाहुणे यायच्या आधीच हात तयार करून ठेवा.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पाण्यावरचं धुकं विरलं की नऊपर्यंतचं तिरकं ऊन पंखाच्या खालच्या बाजूलाही पोचतं. नंतर पोट आणि पंखाखालची बाजू सावलीत जाते, लांबचा पक्षी उन्हाच्या झळांनी थरथरतो. मग थांबलेलं बरं. राधानगरीचं अभयारण्य, १९५८ साली दाजीपूरच्या गव्यांसाठी घोषित झालेलं, पक्ष्यांनी भरलेलं आहे; पण दाट झाडीत उडता पक्षी क्षणभर दिसतो. हे शिकायला उघडं पाणीच हवं.

एका गोष्टीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. उड्डाण मिळावं म्हणून दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, थव्यावर धावून जायचं नाही. ही बदकं परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, विनाकारण उडवलं की तीच खर्च होते. शिवाय घाबरून उठलेला थवा तुमच्याकडं पाठ करून जातो, फोटोही वाया. बदकांनी चरायचं थांबवून माना वर केल्या आणि ती तुमच्यापासून लांब पोहायला लागली, तर दोन पावलं मागं या आणि बसून राहा. चरणं परत सुरू झालं की ती आपणहून जवळ येतात.

घरी गेल्यावर आधी डोळा धारदार आहे का बघा, मग पंखांची ठेवण. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेले ठेवा, मधले बहुतेक काढून टाका. पण काढून टाकायच्या आधी पाय आणि मान मोठं करून पाहा. उडताना पाय दिसतात, त्यात कधी अभ्यासकांनी घातलेली नंबराची कडी असते. पट्टकादंबाच्या मानेत मंगोलियात घातलेले पट्टेही भारतात दिसलेले आहेत. कडीचा रंग, कुठल्या पायात, अक्षरं-आकडे, तारीख आणि तळ्याचं नाव लिहा आणि फोटोसकट मुंबईच्या बीएनएचएसकडं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडं पाठवा. अशा वेळी फोटो अस्पष्ट असला तरी चालतो, नंबर वाचता आला पाहिजे.