साथीच्या दिवसांत पोटुशी असताना जीव घाबरा झाला तर

मी पाचपावलीकडे आशा म्हणून फिरते. २०२१ च्या मार्चमध्ये नागपुरात पुन्हा लॉकडाऊन लागला, तेव्हा रात्री-बेरात्री फोन यायचे : "ताई, घसा खवखवतोय, बाळाले काही होईन काय?"

पहिलं काम मोबाइलचं. बातम्या घरातल्या एकानंच बघाव्या अन् तुम्हाला कामाचं तेवढंच सांगावं. व्हॉट्सअॅपवरचे काढे बिलकुल नकोत.

धडधड सुरू झाली की डाव्या कुशीवर टेका. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सातवा महिना उलटल्यावर याच वेळी बाळाची हालचालही मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं तर ठीक. कमी वाटलं, अंगावरून पाणी वा रक्त गेलं, ताप आला किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

भीतीपायी तपासणी चुकवू नका. दवाखाना डागा असो की मेयो, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वरच्या पानावर रक्तगट, प्रसूतीची तारीख अन् नवऱ्यासोबत शेजारणीचाही नंबर स्केचपेननं ठळक लिहा. नवऱ्याला क्वारंटाइन केलं तर गाडी कोण बोलावणार, हे आजच ठरलेलं असलं की अर्धी झोप तिथंच परत येते.

सासूबाई, "आमच्या वेळी असं नव्हतं" हे बाळंतपण होईस्तोवर आवरा बाप्पा!

दोन आठवडे झोप नाही, सारखं रडू येतं, जेवण जात नाही, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलतात.