वाढत्या वयातल्या मुलांना घेऊन सोसायटीत झाडं कशी लावावीत

दिवसभर क्लास आणि मोबाइलमध्ये अडकलेल्या मुलाला "जरा खाली जा" म्हणायचं, पण खाली काय? पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 541 पडीक जागांवर एक प्रयोग झाला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, जिथे कचरा काढून गवत आणि झाडं लावली, तिथल्या रहिवाशांमध्ये निराश वाटण्याचं प्रमाण 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचलला तिथे ठळक फरक पडला नाही.

सुरुवात मे महिन्यात करा. आवारात लावायचं तर कमिटीची लेखी परवानगी घ्या, रस्त्याकडेला लावायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाची. अर्ज मुलांनाच लिहू द्या. चेअरमनकाकांसमोर उभं राहून बोलणं हेही शिक्षणच. ड्रेनेज, केबल कुठून गेलंय ते प्लंबरला आधी विचारा.

दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून उन्हात तापू द्या. दोन-चार चांगले पाऊस झाले की माती आणि शेणखत मिसळून रोप लावा. बहावा, तामण, बकुळ, करंज यांतलं काहीही चालेल. गुलमोहर मात्र नको, वादळात फांद्या मोडून गाड्यांवर पडतात आणि मग कमिटी पुढचं झाड लावू देत नाही! पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढू नका, मुळांभोवतीचा गोळा फुटतो. शेजारी काठी रोवून सुतळी सैल बांधा. आळ्यात पालापाचोळा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब.

आईबाबांनी घमेलं उचलायचं, सूचना कमी करायच्या. हात मातीत असताना मार्कांचा विषय काढू नका. समोर बसवून विचारलं की "काही नाही" म्हणणारी मुलं शेजारी खणताना आपणहून बोलतात. तेव्हा लगेच उपदेश नको, ऐकून घ्या. झोप, जेवण, मित्र यांतून मन उडून दोन आठवडे झाले असतील, तर मात्र झाडावर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

पावसाळ्यानंतर पाण्याच्या पाळ्या लावा. परीक्षेच्या दिवसांत मुलाची पाळी आजोबांनी न बोलता घ्यावी. रोप मेलंच, तर पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरं लावा आणि त्यावरून मुलाला बोलू नका.