जुन्या मिलचे मूल्यमापन करताना

जुनी मिल पाहायला गेलेला माणूस प्रथम धुराड्याचे छायाचित्र काढतो. संवर्धनाचा निर्णय घ्यायचा असेल, तर सुरुवात मात्र कापूस कुठून आत येत होता आणि कापड कुठून बाहेर पडत होते, या प्रश्नाने करावी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल जुम्मा तलाव आणि रेल्वे स्थानक यांच्या जवळ उभी राहिली ती उगीच नव्हे. बॉयलरला पाणी आणि कापसाच्या गाठींना वाट हवी होती. म्हणून पाण्याचे टाके, बॉयलरघर, खाती (म्हणजे कताई, विणाईसारखे विभाग) आणि कामगारवस्ती एकाच नकाशावर मांडावीत. औद्योगिक वारशाविषयीच्या २००३ च्या निझ्नी तागिल सनदेनेही यंत्रे, परिसर, कागदपत्रे आणि माणसांच्या आठवणी यांत वारशाचे मूल्य असते असे मानले आहे.

मग एकेका खात्यात शिरावे. बिडाच्या खांबाला वरच्या अंगाला टेकू आणि त्यांत बोल्टची भोके दिसली, तर तिथे बहुधा लाइन शाफ्ट, म्हणजे पट्ट्यांवाटे यंत्रांना गती देणारा लांब फिरता दांडा, बसवलेला होता. अशा खांबांची रांग मोजून घेतली की शाफ्टची दिशा, पट्ट्यांची जागा आणि मागांची मांडणी कागदावर उतरवता येते. तोच खांब बुडाशीही तपासावा. असे खांब पुष्कळदा पोकळ असतात आणि काही गिरण्यांत छपराचे पाणी त्यांतूनच खाली सोडलेले असे, त्यामुळे वरचा रंग शाबूत असूनही आतून गंज चढलेला असू शकतो. ही दुरवस्था वेगळ्या रकान्यात लिहावी. खांब मोडकळीस आला म्हणून त्याचे मूल्य कमी, असा शेरा मारणे म्हणजे दोन हिशेब एकात घालणे होय.

कामगारांशी बोलणे शेवटावर टाकू नये, कारण इमारत थांबते, वय थांबत नाही. ‘आठवणी सांगा’ म्हटल्यावर फारसे हाती लागत नाही. ‘पाळीवर आल्यावर पहिले काम कोणते?’ असे विचारावे.

निर्णय घेताना हलवता येणारे आणि न येणारे वेगळे करावे. नागपूरच्या मोतीबाग रेल्वे संग्रहालयात नॅरोगेजची इंजिने ठेवता आली. बॉयलरचा पाया तसा उचलून नेता येत नाही, तो जागीच राखावा लागतो. उत्तरेकडे काचा असलेले, खात्यात उजेड आणणारे दातेरी छप्पर वातानुकूलनासाठी पत्र्याने झाकायचा प्रस्ताव आला, तर तो फेटाळून नवा वापरच दुसरा शोधावा.