हॅन्डमेड कार्ड आणि ज्वेलरी : या चुका टाळा, हात जोडते

गेली आठनऊ वर्षं मी घरी कार्डं आणि कानातली बनवतेय, आणि शनिवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमधल्या मुली, त्यांच्या आया आणि एक रिटायर्ड काका हॉलमध्ये चटई टाकून शिकायला बसतात. काका सोडले तर सगळ्यांना पहिल्याच दिवशी झुमके घालून घरी जायचं असतं. काका एक तास नुसत्या रेघा मारतात, आणि बॅचमध्ये सगळ्यात चांगलं कार्ड त्यांचंच होतं.

तर सगळ्यात आधी तो झटक्यात चिकटणारा इन्स्टंट ग्लू. दागिन्यात मोती, कुंदन, आरसे काहीही चिकटवायला तो वापरू नका, आणि पावसाळ्यात तर अजिबातच नको. हे मी अनुभवाने सांगतेय. भाचीचा साखरपुडा होता जुलैमध्ये आणि मीच शहाणपणा करून ताईला म्हटलं की वाण म्हणून सगळ्यांना मोत्याचे टॉप्स देऊया, मी बनवते, बाहेरून कशाला आणायचे. १४ जोड. ऑफिस, डबे, पाहुणे या सगळ्यात आदल्या रात्री अकराला बसले, दागिन्यांसाठी वापरतात तो बी-७००० ग्लू सुकायला वेळ लागतो म्हणून इन्स्टंट ग्लूने पटापट चिकटवले, आणि धूळ बसू नये म्हणून सगळे प्लास्टिकच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावून झोपले. सकाळी डबा उघडला तर मोत्यांवर कणीक भुरभुरल्यासारखा पांढरा थर. ओल्या फडक्याने जाईना. मग घाबरून नेलपॉलिश रिमूव्हर लावला, तर मोत्यावरचं चमकीचं कोटिंगच कापसावर आलं आणि खाली उरला पांढराफटक प्लास्टिकचा मणी. ९ जोड गेले. भर पावसात छत्री मोडलेल्या अवस्थेत भुलेश्वर गाठलं आणि रेडिमेड टॉप्स आणून दिले, ताई अजून चारचौघात विचारते की "काय गं, यावेळी तू बनवलेस की आणलेस?"

होतं काय, तर हा ग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि घट्ट होताना त्याची जी वाफ सुटते ती आजूबाजूला बसून पांढरी पडते. मुंबईचा जुलै म्हणजे ओलावा आहेच भरपूर, वर मी झाकण लावून वाफ कोंडली. आता मी बी-७०००च वापरते, टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढा थेंब, आणि ताटात उघडं ठेवून २४ तास हात लावत नाही, पावसाळ्यात ४८. ताट फ्रिजवर ठेवते, म्हणजे येताजाता कोणी "बघू बघू" करत उचलत नाही. एवढा धीर नसेल तर सरळ ओवून करायच्या डिझाइन्स करा, चिकटवण्याच्या वाटेला जाऊ नका.

जम्प रिंग, म्हणजे दागिन्याचे भाग जोडणारी तारेची बारीक कडी, दोन्ही बाजूंना ओढून उघडू नका. तिचा गोल बिघडतो आणि परत कधी नीट मिटत नाही. दोन पकडींनी धरून एक टोक स्वतःकडे, दुसरं पलीकडे असं वळवून उघडायची आणि तशीच उलटी वळवून मिटायची. दोन टोकांच्या फटीत नख अडकलं तर रिंग मिटलेली नाही. माझा एक झुमका असाच विरार लोकलमध्ये अंधेरीला उतरून गेला, मी नाही उतरले.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट ओवण्याआधी दोरी दोनचार वेळा ताणून घ्या, नाहीतर आठवड्यात मण्यांमधून दोरी दिसायला लागते. स्वस्त हूकने कान खाजतात, त्यात बहुतेक वेळा निकेल असतं, स्टेनलेस स्टीलचे घ्या. रेझिन (दोन बाटल्यांतलं द्रव मिसळून घट्ट होतं ते) अंदाजाने मिसळू नका, बाटलीवर जे माप दिलंय तेच, नाहीतर ते कायम चिकट राहतं, आणि खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला.

आता कार्ड. लोक कागद घेतात आणि धाडकन दुमडतात. २५०-३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) जाड कार्डपेपर असा दुमडला की घडीवर तडे जातात, आणि रंगीत असेल तर आतला पांढरा दिसतो, जुन्या भिंतीचे पोपडे निघाल्यासारखा. मग त्यावर लेस चिकटवतात. लेस बघितली की मला कळतं खाली काय झाकलंय. कागदाला धागा असतो हो, साडीसारखा. कागद न दुमडता हलकेच एकदा उभा वाकवून बघा, एकदा आडवा, ज्या बाजूला तो मुकाट वाकतो त्या बाजूने धागा. घडी त्याच दिशेने घ्यायची. आणि घडीच्या आधी स्टीलची पट्टी लावून रेघ दाबून घ्यायची. माझ्याकडे त्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन आहे, विकतचं टूल कधी घेतलंच नाही. रेघ दाबल्यावर मागे जो उंचवटा येतो तो घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा. सगळे हे उलटं करतात, मीही दोन वर्षं उलटंच केलं.

फेविकॉल कार्डवर पसरवू नका, त्यातल्या पाण्याने कागदाचा पापड होतो. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळलेल्या कागदी पट्टीच्या, टोकाला ठिपकाभर ठीक, बाकी डबल टेप. जेल पेनने लिहून लगेच कार्ड मिटू नका. आणि पावसाळ्यात कागद उभे ठेवू नका, वाकतात. मी चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवते, कागदांबरोबर पिशवीत टाकते आणि पिशवी गादीखाली. नवऱ्याला पाठीला टोचतं म्हणतो, असू दे.

शेवटचं पाकीट. कार्ड बनवून मग पाकीट शोधायला जाऊ नका, आधी पाकीट घ्या आणि त्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान कार्ड कापा. फुलं, मोती लावणार असाल तर आणखी थोडी जागा सोडा, जाडी पण मावायला हवी. ए फोर अर्धा कापून दुमडला की साधारण साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचं कार्ड होतं आणि त्याची पाकिटं क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला गठ्ठ्याने मिळतात, मस्जिद स्टेशनवरून चालत जा, फक्त रविवारी नको. मला मात्र एकदा काहीतरी वेगळं करायची हौस आली होती, तेव्हाची १६ सेंटिमीटरची २२ चौकोनी कार्डं अजून कपाटात पडून आहेत, त्या मापाची पाकिटं कुठे दिसली तर माझ्यासाठी पण एक गठ्ठा उचला, पैसे लगेच देते.